जुन्या बेसबॉलपटूचे विकिपीडिया-चरित्र कसे सुधारावे : टाय कॉबच्या लेखाच्या आधारे सविस्तर मार्गदर्शन

अमेरिकेत बेसबॉल पाहणाऱ्या माणसाला टाय कॉब कोण हे सांगावे लागत नाही. १८ डिसेंबर १८८६ रोजी जॉर्जिया राज्यातील नॅरोज या लहानशा वस्तीत जन्मलेला हा खेळाडू १९०५ ते १९२६ या काळात डेट्रॉइट टायगर्सकडून आणि त्यानंतर दोन हंगाम फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सकडून खेळला. १९३६ साली बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी पहिल्यांदा मतदान झाले, तेव्हा २२६ पैकी २२२ मते त्याला पडली. बेब रूथ आणि होनस वॅगनर यांना प्रत्येकी २१५ मते मिळाली होती. एवढ्या मोठ्या खेळाडूचे चरित्र तरी पक्क्या पायावर उभे असेल, असे आपण सहज धरून चालतो. प्रत्यक्षात त्याच्या मृत्यूनंतर जे जे छापले गेले त्यातला बराच भाग एकाच लेखकाकडून आलेला असून एका पुस्तकातून दुसऱ्यात, तिथून चित्रपटात आणि तिथून संकेतस्थळांवर उतरत गेलेला आहे. त्यामुळे जुन्या खेळाडूवरचा ज्ञानकोशीय लेख कसा तपासावा आणि कसा सुधारावा, हे समजून घेण्यासाठी कॉबइतके उपयोगी उदाहरण मिळणे कठीण आहे. पुढील पद्धत मराठी विकिपीडियाला डोळ्यांसमोर ठेवून सांगितली असली, तरी ती कोणत्याही भाषेतील ज्ञानकोशाला लागू पडेल.

लेखाला हात लावण्यापूर्वी

पहिले काम वाचण्याचे आहे. सध्याचा लेख पूर्ण वाचावा, त्याचे चर्चापान वाचावे आणि ‘इतिहास पहा’ उघडून लेखातील मोठे परिच्छेद कधी आणि कोणत्या संपादनात आले ते पाहावे. एखादा परिच्छेद एकदम, संदर्भाशिवाय आलेला दिसला, तर तो बहुधा कुठून तरी जसाच्या तसा उचललेला किंवा यंत्राने भाषांतरित केलेला असतो. यानंतर लेखाची एक प्रत आपल्या धूळपाटीवर (म्हणजे सदस्याच्या कच्च्या कामाच्या पानावर) घ्यावी आणि प्रत्येक वाक्यापुढे त्याला आधार आहे, आधार आहे पण कमकुवत आहे, किंवा आधारच नाही अशी खूण करावी. हे काम कंटाळवाणे वाटते, पण पुढची सगळी दिशा याच खुणांवरून ठरते. ज्यांनी हे टाळून थेट नवा मजकूर घालायला घेतला, त्यांचे लेख लांब झालेले दिसतात, पण विश्वासार्ह झालेले दिसत नाहीत.

खुणा करताना एक नियम मनाशी ठेवावा: गोष्ट जितकी रंगतदार, तितका तिचा पुरावा अधिक कडक मागावा. कॉब २२ हंगाम डेट्रॉइटसाठी खेळला, या वाक्याबद्दल कोणी खोटे बोलण्याचे कारण नाही. कॉबने रस्त्यात एका माणसाला जिवे मारले, हे वाक्य मात्र खपते, आणि म्हणूनच त्याच्या मुळाशी जावे लागते.

आधार कुठे शोधावेत

बेसबॉलचे भाग्य असे की या खेळाची नोंद अत्यंत चिकाटीने ठेवली गेली आहे. १९७१ साली कूपर्सटाउन येथे स्थापन झालेल्या ‘सेबर’ या संशोधन-संस्थेने हजारो खेळाडूंची संदर्भांसह लिहिलेली चरित्रे मोफत उपलब्ध केली आहेत. नवख्या संपादकाने सुरुवात तिथूनच करावी, कारण चरित्रासोबत दिलेली टिपांची यादी हाच पुढील शोधाचा नकाशा असतो. सामन्यांच्या तपशिलासाठी ‘रेट्रोशीट’ आणि एकत्रित आकडेवारीसाठी ‘बेसबॉल-रेफरन्स’ ही संकेतस्थळे वापरावीत. मात्र ‘बेसबॉल-रेफरन्स’च्याच छत्राखालचा ‘बुलपेन’ हा विभाग वाचकांनी संपादित केलेला आहे, तो संदर्भ म्हणून देऊ नये. समकालीन वृत्तपत्रांसाठी अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाचा ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ हा संग्रह सर्वांना खुला आहे. शिवाय ज्यांचे खाते सहा महिने जुने आहे, ज्यांनी पाचशे संपादने केली आहेत आणि जे सध्याही नियमित काम करतात, त्यांना ‘विकिपीडिया लायब्ररी’तून सशुल्क वृत्तपत्र-संग्रहही विनामूल्य पाहता येतात. मराठी विकिपीडियावर काम करणाऱ्या अनेकांना ही सोय माहीत नसते, याचे मला मनापासून वाईट वाटते. घरबसल्या १९०५ सालचे डेट्रॉइटचे वृत्तपत्र वाचता येणे ही लहान गोष्ट नव्हे.

आधार मिळाले की ते मोजण्याआधी त्यांचे मूळ पाहावे. कॉबच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे ठरते. १९६१ साली क्रीडालेखक अल स्टम्प याने कॉबच्या आत्मचरित्राचे शब्दांकन केले. त्याच वर्षी १७ जुलै रोजी कॉब अटलांटा येथे वारला, आणि वर्ष संपण्यापूर्वी स्टम्पने एका मासिकात त्याच्या अखेरच्या महिन्यांविषयी अत्यंत भडक लेख लिहिला. १९९४ मध्ये स्टम्पचेच कॉबवरील दुसरे चरित्र आले आणि चित्रपटही आला. पुढे संशोधकांनी तपास केला, तेव्हा या लेखनातील अनेक प्रसंगांना समकालीन पुरावा नसल्याचे दिसले. चार्ल्स अलेक्झांडर या इतिहासकाराचे १९८४ चे चरित्र आणि चार्ल्स लीअरसेन याचे २०१५ चे चरित्र ही दोन्ही टिपांसह लिहिलेली आहेत, पण त्यांचे निष्कर्ष काही ठिकाणी एकमेकांच्या विरोधात जातात. म्हणजे लेखातील एका वाक्याला पाच संदर्भ जोडलेले असले आणि ते पाचही स्टम्पपाशीच जाऊन थांबत असले, तर तो एकच संदर्भ आहे असे समजावे.

एक वाक्य उलगडून पाहू

जुन्या लेखांत सापडते तसे एक वाक्य घेऊ: ‘कॉब हा क्रूर खेळाडू होता, प्रतिस्पर्ध्यांना जखमी करण्यासाठी तो बुटांचे खिळे कानशीने धारदार करत असे, आणि त्याच्या अंत्यविधीला बेसबॉलमधील केवळ तीन खेळाडू आले, यावरून त्याच्याविषयी असलेला तिरस्कार दिसतो.’ हे एकच वाक्य दिसत असले, तरी त्यात चार विधाने आहेत आणि चारही वेगवेगळी तपासली पाहिजेत.

‘क्रूर होता’ हे मत आहे. ज्ञानकोशाने ते स्वतःच्या तोंडी घ्यायचे नसते. कोणी, कधी आणि कोणत्या प्रसंगावरून तसे म्हटले, ते लिहायचे असते. खिळ्यांची गोष्ट कॉबने आयुष्यभर नाकारली, आणि लेखात आरोप येत असेल तर त्याचा नकारही यायला हवा. त्यापेक्षा चांगले म्हणजे एखाद्या नोंद असलेल्या प्रसंगावर उतरावे. ऑगस्ट १९०९ मध्ये तिसऱ्या बेसकडे (धावणाऱ्याने क्रमाने गाठायच्या मैदानावरील ठिकाणांपैकी तिसऱ्याकडे) घसरत जाताना कॉबच्या बुटाचा खिळा फिलाडेल्फियाच्या फ्रँक बेकरच्या हाताला लागला आणि मोठा गदारोळ झाला. त्या क्षणाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले, तेव्हा कॉब बेसच्या बाहेरच्या बाजूने घसरत असून बेकर हात लांबवून त्याला बाद करू पाहत आहे, असे त्यात दिसले. बेकर पट्टी बांधून पुढे खेळलाही. हे दोन-तीन वाक्यांत लिहिले की वाचकाला स्वतः विचार करण्यासाठी काही हाती लागते. नुसत्या विशेषणाने ते साधत नाही.

अंत्यविधीला आलेल्यांमध्ये माजी खेळाडू म्हणून रे शाल्क, मिकी कॉक्रेन आणि नॅप रकर यांची नावे दिली जातात, तेव्हा संख्या निराधार नाही. मात्र विधी खासगी ठेवावा ही कुटुंबाची इच्छा होती, असे लीअरसेन नोंदवतो, आणि हा तपशील गाळला की अनुमान उलटे होते. म्हणून ‘यावरून तिरस्कार दिसतो’ हा शेवटचा तुकडा कोणत्याही आधाराशिवाय उभा राहतो. तो काढून टाकावा. चार विधानांपैकी दोन राहिली, एक बदलले, एक गेले. लेखातील प्रत्येक खूण केलेले वाक्य याच रीतीने उलगडावे लागते.

अशीच तपासणी कॉबच्या वडिलांच्या मृत्यूबाबत करावी लागते. ८ ऑगस्ट १९०५ च्या रात्री शिक्षक आणि राज्याच्या सिनेटचे माजी सदस्य असलेले विल्यम हर्शेल कॉब हे पत्नी अमांडा हिच्या गोळीने रॉयस्टन येथे मरण पावले. तिच्यावर खटला चालला आणि १९०६ साली तिची निर्दोष सुटका झाली. स्टम्पच्या कथनात हातात लांब नळीची शॉटगन आहे, तर त्या काळच्या बातम्यांत पिस्तूल आहे. हत्यार कोणते, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु समकालीन नोंद उपलब्ध असताना अर्ध्या शतकानंतरच्या कथनाला पसंती देणारा लेख पुढच्या पानांवरही तेच करत असण्याची शक्यता मोठी असते, म्हणून अशा एका तपशिलावरून सबंध लेखाचा कस ओळखता येतो. वडिलांच्या मृत्यूनंतर अवघ्या तीन आठवड्यांनी, ३० ऑगस्ट रोजी, अठरा वर्षांचा कॉब डेट्रॉइटकडून पहिला सामना खेळला. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की कोणत्याही भावपूर्ण शब्दाची गरज उरत नाही.

डेट्रॉइटमध्ये १९१२ साली त्याने एका लुटारूला ठार मारल्याची कथाही अशीच आहे. नंतर शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या गेल्या, पण त्या कथेला जुळणारा मृत्यू सापडला नाही. ही कथा इतकी पसरलेली आहे की ती नुसती वगळल्यास दुसरा कोणीतरी पुन्हा घालेल. तेव्हा ती कोणी सांगितली आणि तपासात काय निघाले, हे दोन्ही लिहावे.

दुसऱ्या टोकाला जाऊ नये

जुन्या बदनामीतील खोटेपणा कळला की संपादकाला खेळाडूची बाजू घ्यावीशी वाटते. हा मोह मी सर्वांत धोक्याचा मानतो, कारण तो न्यायबुद्धीच्या वेशात येतो. कॉबचा संतापी स्वभाव ही कोणी रचलेली गोष्ट नाही. १९०८ साली डेट्रॉइटमध्ये फ्रेड कॉलिन्स या कृष्णवर्णीय मजुराला त्याने मारहाण केली आणि ते प्रकरण न्यायालयात गेले. १५ मे १९१२ रोजी न्यूयॉर्कमध्ये शिव्या देणाऱ्या प्रेक्षकाला त्याने थेट प्रेक्षकांत घुसून मारले, त्याला निलंबित केले गेले, आणि त्याच्या पाठीशी उभे राहत संघातील इतर खेळाडूंनी संप केला. १८ मे रोजी ऐनवेळी गोळा केलेला डेट्रॉइटचा संघ फिलाडेल्फियात २४–२ असा हरला. दुसरीकडे अलेक्झांडरने कृष्णवर्णीय म्हणून नोंदवलेल्या काही व्यक्ती जनगणनेच्या कागदांनुसार श्वेतवर्णीय होत्या, असे लीअरसेन म्हणतो. आणि १९५२ साली कॉबने बेसबॉलमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना स्थान मिळण्याला जाहीर पाठिंबा दिला होता. चांगल्या लेखात हे सगळे आपापल्या वर्षी, आपापल्या जागी येते. जिथे दोन चरित्रकारांत मतभेद आहे, तिथे ‘अलेक्झांडरच्या मते’ आणि ‘लीअरसेनच्या मते’ असे स्पष्ट लिहावे, निवाडा करू नये. आपल्याला स्वतःला एखादा जनगणनेचा कागद सापडला, तरी त्यावरून नवा निष्कर्ष लेखात घालता येत नाही. तो आधी कोणीतरी विश्वासार्ह ठिकाणी प्रसिद्ध केलेला असावा लागतो.

याच कारणासाठी ‘वादविवाद’ असा स्वतंत्र विभाग शक्यतो करू नये. असा विभाग केला की कारकीर्द एका बाजूला निर्जीव आकड्यांची यादी बनते आणि सगळा माणूस दुसऱ्या बाजूला भांडणांत कोंबला जातो. १९०५ ते १९०८ ची सुरुवात, १९०९ पासूनची बहराची वर्षे, १९२१ ते १९२६ मधील खेळाडू-व्यवस्थापकाची दुहेरी भूमिका, फिलाडेल्फियातील अखेर आणि निवृत्तीनंतरचे आयुष्य अशी कालक्रमाने मांडणी केली, की १९०८ चे प्रकरण आणि १९०९ ची कामगिरी एकाच माणसाची वाटते. निवृत्तीनंतरचा भाग बहुतेक लेखांत एका ओळीत उरकलेला असतो, तो वाढवावा: १९५० साली रॉयस्टनमध्ये त्याच्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय आणि जॉर्जियातील विद्यार्थ्यांसाठी १९५३ मध्ये सुरू झालेला शिष्यवृत्ती निधी यांची नोंद नसलेले चरित्र अपुरेच म्हणावे लागेल.

आकडे लिहिताना

मराठी वाचक क्रिकेटमध्ये वाढलेला असतो, म्हणून आधी एक खुलासा लेखातच द्यावा. क्रिकेटमधील फलंदाजीची सरासरी म्हणजे धावा भागिले बाद होण्याची संख्या. बेसबॉलमधील सरासरी म्हणजे हिट्स (फलंदाजाला बेसपर्यंत पोचवणारे यशस्वी फटके) भागिले ‘ॲट-बॅट’ (हिशेबात धरलेल्या फलंदाजीच्या संधी). त्यामुळे ०.३०० ही बेसबॉलमध्ये उत्तम सरासरी असते आणि कॉबची ०.३६६ किंवा ०.३६७ ही विलक्षण असते. लेखात ‘फलंदाजीची सरासरी’ हे शब्द क्रिकेटच्या लेखाला जोडलेले असतील, तर तो दुवा आधी दुरुस्त करावा.

‘०.३६६ किंवा ०.३६७’ असे का, हा प्रश्न इथे येतो, आणि त्याचे उत्तर म्हणजे बेसबॉलच्या नोंदवहीतील एक अतिशय रोचक प्रकरण आहे. १९१० च्या हंगामात सर्वोत्तम सरासरीच्या फलंदाजाला चाल्मर्स कंपनी मोटारगाडी देणार होती. कॉब आघाडीवर होता आणि शेवटचे दोन सामने खेळलाच नाही. ९ ऑक्टोबरला सेंट लुईस येथे क्लीव्हलंडच्या नॅप लाज्वेने दोन सामन्यांत मिळून आठ हिट्स नोंदवल्या, त्यातल्या बहुतेक बंटवर (बॅट न फिरवता चेंडू हळूच जवळ टोलवून), कारण सेंट लुईसच्या व्यवस्थापकाने आपल्या तिसऱ्या बेसवरील नवख्या खेळाडूला मुद्दाम बरेच मागे उभे केले होते. अमेरिकन लीगचा अध्यक्ष बॅन जॉन्सनने अधिकृत विजय कॉबला दिला, कंपनीने गाडी दोघांनाही दिली. पुढे आकडेतज्ज्ञ पीट पामर याला असे आढळले की कॉबच्या एका सामन्याची नोंद, तीन ॲट-बॅट आणि दोन हिट्स, दोनदा धरली गेली होती. १९८१ साली हे प्रसिद्ध झाले. ती नोंद वगळली तर त्या वर्षी लाज्वे पुढे जातो. बेसबॉलचे तेव्हाचे आयुक्त बोवी कून यांनी मात्र जुना निकाल बदलला नाही.

यामुळे कॉबच्या एकूण हिट्स काही ठिकाणी ४,१९१ तर ‘बेसबॉल-रेफरन्स’वर ४,१८९ दिसतात, आणि सरासरीची विजेतेपदे कुठे १२ तर कुठे ११. चोरलेले बेसही (फटक्याविना धावून गाठलेले पुढचे बेस) ८९२ व ८९७ असे दोन प्रकारे आढळतात. संपादकाने यापैकी ‘खरा’ आकडा निवडण्याच्या भानगडीत पडू नये. माहितीचौकटीत एकच स्रोत ठरवून त्याचे सर्व आकडे घ्यावेत, दोन स्रोतांची सरमिसळ करू नये, आणि मजकुरात फरकाचे कारण वरीलप्रमाणे सांगावे. पीट रोजने ११ सप्टेंबर १९८५ रोजी ४,१९२ वी हिट मारून कॉबचा एकूण हिट्सचा विक्रम मोडल्याचे लिहिताना तो जुन्या अधिकृत संख्येच्या हिशेबाने मोडला, हेही तिथेच लिहावे.

एक ताजी दुरुस्ती अनेक भाषांतील लेखांत राहून गेलेली असू शकते. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ मधील कृष्णवर्णीयांच्या लीगना प्रमुख लीगचा दर्जा दिला आणि मे २०२४ मध्ये त्यांची आकडेवारी अधिकृत नोंदीत सामील केली. त्यानुसार कारकिर्दीतील सर्वोच्च सरासरी आता त्या लीगमधील खेळाडू जॉश गिब्सनची, ०.३७२, आहे. ‘सर्वकालीन सर्वोच्च सरासरीचा विक्रम कॉबच्या नावावर आहे’ हे वाक्य दिसले तर ते ‘२०२४ पर्यंत’ या कालमर्यादेसह बदलावे. असे वाक्य लिहिताना वर्ष न घालता ‘आजही’ किंवा ‘सध्या’ असे शब्द वापरूच नयेत.

चित्रे, भाषांतर आणि प्रकाशन

अमेरिकेत ९५ वर्षांपूर्वी प्रसिद्ध झालेली छायाचित्रे स्वामित्वमुक्त झालेली असतात. यातील ‘प्रसिद्ध’ हा शब्द काटेकोरपणे घ्यावा, कारण त्या काळी काढलेले पण पुष्कळ नंतर छापलेले छायाचित्र या नियमात आपोआप बसत नाही. काँग्रेस ग्रंथालयातील बेन न्यूज सर्व्हिसच्या संग्रहात त्या काळच्या खेळाडूंची उत्तम छायाचित्रे असून ती विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रसंग्रहावरून लेखात घेता येतात. चित्राखालच्या ओळीत वर्ष, ठिकाण आणि शक्य तर छायाचित्रकाराचे नाव द्यावे. जुन्या बेसबॉल-छायाचित्रांची वर्षे अनेकदा चुकीची फिरत असतात, म्हणून तीही मजकुराइतक्याच काळजीने तपासावीत.

इंग्रजी लेखातून भाषांतर केले असेल, तर संपादनाच्या सारांशात मूळ लेखाचा दुवा देणे परवान्यानुसार बंधनकारक आहे. संदर्भ मात्र डोळे मिटून उचलू नयेत. ज्या पुस्तकाचे पान आपण उघडून पाहिले नाही, ते पाहिल्यासारखे दाखवणे हा वाचकाचा विश्वासघात आहे. पुस्तकाचा संदर्भ पृष्ठक्रमांकासह, वृत्तपत्राचा तारखेसह आणि संकेतस्थळाचा पाहिल्याच्या दिनांकासह, शिवाय शक्य तिथे जतन केलेल्या प्रतीच्या दुव्यासह द्यावा. प्रास्ताविक परिच्छेद सर्वांत शेवटी लिहावा, कारण त्यात काय यायला हवे ते खालचा लेख पुरा झाल्याशिवाय कळत नाही.

धूळपाटीवरचा सगळा मजकूर एका फटक्यात चढवू नये. एकेक विभाग जतन करावा आणि प्रत्येक वेळी सारांशात काय बदलले व का बदलले ते लिहावे. जी विधाने काढली, त्यांची यादी कारणांसह चर्चापानावर ठेवावी. लेख पहाऱ्याच्या सूचीत (ज्यातील लेखांत झालेले बदल आपल्याला दिसत राहतात) घालावा, कारण धारदार खिळे किंवा डेट्रॉइटमधील खून कोणीतरी चांगल्या हेतूनेच पुन्हा लिहील. तेव्हा संपादन मुकाट्याने उलटवण्याऐवजी त्या सदस्याला चर्चापानावरील नोंदीकडे बोलवावे आणि त्याच्याजवळ एखादा नवा समकालीन आधार असेल, तर तो मागून घ्यावा.